फाईल नेमकी कुठं अडते ते शोधायचं कसं

आपल्याकडं सरकारी कामाबद्दल कुणालाही बोलतं करा, तासभर थांबत नाही. बसस्टँडवरचं हॉटेल असो, सेतूची लाईन असो की पार असो, काम होईना, साहेब भेटंना, सर्व्हर डाऊन. सगळं खरंय. पण तहसीलदारापुढं उभं राहून "साहेब, कामं होत नाहीत" म्हणलं की ते म्हणतात अर्ज द्या, बघतो. आन् त्यात त्यांची लई चूक पण नाही, कारण एवढ्या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. त्याच्याऐवजी "वारसाची नोंद धरल्यावर हरकतीची मुदत संपून गेली तरी मंडळ अधिकाऱ्याची सही व्हायला आपल्या मंडळात इतके दिवस लागायलेत, शेजारच्या मंडळात त्याच्या निम्मे" असं म्हणलं आन् हातात तारखांचा कागद दिला, की बोलणं बदलतंय. मग ते स्वतःच त्या टेबलावरच्या माणसाला आत बोलवतात.

हा तारखांचा कागद तयार करायचा कसा, ते सांगतो. ह्याला संशोधन म्हणायला लोक लाजतात, विद्यापीठात करतात ते संशोधन, आपण कसलं करणार. पण सेवा सुधारायच्या म्हणून जगभर जो अभ्यास चालतो त्याचा गाभा एवढाच असतो: एक सेवा धरायची, ती कुठं अडते ते मोजायचं, एक बदल करायचा, परत मोजायचं. गावातली पोरं-पोरी, बचत गटातल्या ताई, एमपीएससीचा अभ्यास करत बसलेले, नवीन सरपंच, कुणालाही जमतंय. पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

एकच सेवा धरा, आन् ती पण बारीक

"महसूल खात्याचा अभ्यास" असलं काही धरू नका. रेशन धरलं तर "नवीन सुनेचं नाव रेशनकार्डात चढायला किती वेळ लागतो" एवढंच धरा. दवाखाना धरला तर "प्राथमिक आरोग्य केंद्रात लिहून दिलेली गोळी तिथंच मिळाली का बाहेरून आणावी लागली" एवढंच. टँकर धरला तर लॉगबुकात लिहिलेल्या खेपा आन् वस्तीवर खरंच आलेल्या खेपा, बास.

मी खाली वारस नोंदीचं उदाहरण धरून चालतो, कारण आपल्या भागात ह्या एका नोंदीवर लई काही लटकलेलं असतंय. शेतकरी वारला, सातबाऱ्यावर त्याचंच नाव राहिलं, की मागं राहिलेल्या बाईला पीककर्ज नाही, पीकविम्यात अडचण, फार्मर आयडीत अडचण, अतिवृष्टीचं अनुदान आलं तरी ते मयताच्या नावावर, मग केवायसी कुणाच्या अंगठ्यानं करायची? एक नोंद अडली की पाच योजना अडतात. सरकारलाही हे कळलेलं आहे, म्हणूनच मयतांच्या जागी वारसांची नावं लावायची जिवंत सातबारा मोहीम निघाली, आधी बुलढाणा जिल्ह्यात आन् मग एप्रिल 2025 पासून सगळ्या राज्यात. मोहीम चांगलीच आहे. पण मोहीम आपल्या गावात किती पोचली हे मोजायला कुणीतरी पाहिजे ना.

फाईलीचा रस्ता कागदावर काढा

शेतात पाणी कमी यायला लागलं की आपण मोटारीला शिव्या देत बसत नाही, पाईपलाईन धरून चालत जातो आन् कुठं ओलं झालंय ते बघतो. तसंच करायचं. अर्ज दिल्यापासून काम होईपर्यंत फाईल कुठून कुठं जाते त्याचं चित्र काढा. त्यासाठी ऑफिसात जाऊन क्लार्कला, कोतवालाला, सेतूवाल्याला सरळ विचारा, "भाऊ, हे आलं की पुढं कुठं जातं?" भांडायला आला नाहीत हे दिसलं की लोक सांगतात.

वारसाचं साधारण असं: मृत्यूचा दाखला, शपथपत्र, वारसांची नावं-पत्ते लावून अर्ज तलाठ्याकडं, कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. वारस तपासून ते गाव नमुना 6-क मधे, मंजे वारसांच्या रजिस्टरात येतं, मग फेरफाराची, मंजे सातबाऱ्यावरच्या बदलाची, नोंद नमुना 6 मधे, मग हितसंबंध असलेल्यांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी मंजे सर्कल नोंद प्रमाणित करणार आन् मग सातबाऱ्यावर नाव. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जातं, त्याचा रस्ता वेगळा, ती प्रकरणं बाजूला काढा, नाहीतर सगळा हिशोब बिघडतोय.

आता ह्यात एक गोष्ट नीट बघा. ते 15 दिवस कायद्यानं ठेवलेत, तलाठ्यानं नाही. एखाद्या बहिणीचं नाव गुपचूप गाळलं तर तिला हरकत घेता यावी म्हणून ते आहेत आन् ते असलेच पाहिजेत. मंजे थांबण्याचे दोन प्रकार झाले, कायद्यानं लागणारा वेळ आन् फाईल नुसती पडून राहिलेला वेळ. तुम्हाला दुसरा मोजायचाय. हे वेगळं केलं नाही तर पहिल्याच बैठकीत "नियमानं वेळ लागतोच" म्हणून तुम्हाला गप्प करतील.

तारखा कुठून मिळतात

सगळ्यात सोपी जागा फोनमधेच आहे आन् बऱ्याच जणांना माहीत नाही. महाभूमी ह्या सरकारच्या जमीन नोंदींच्या साईटवर "आपली चावडी" म्हणून पान आहे. जिल्हा, तालुका, गाव टाकलं की चालू फेरफार दिसतात, फेरफार नंबर, प्रकार, तारीख, हरकतीची शेवटची तारीख, गट नंबर. लॉगिन नाही, पैसे नाहीत. दर सोमवारी आपल्या मंडळातल्या गावांची ही यादी वहीत उतरवायची. काही आठवडे हे केलं की हरकतीची मुदत संपून गेलेली तरी तशीच लटकलेली नोंद तुम्हाला आपोआप दिसायला लागते. अशीच सोय दुसऱ्या सेवांची पण आहे, रेशन दुकानात कार्डावर किती धान्य उचललं ते महाईपॉसवर दिसतं, ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाचा पैसा कशावर टाकला ते ई-ग्रामस्वराजवर.

पण साईटवरची तारीख मंजे ऑफिसच्या घड्याळाची तारीख. नोंद सिस्टीममधे घेतली तिथून ती मोजायला सुरुवात करते. त्याच्या आधी माणूस किती महिने हिंडला ते तिथं नाही. आन् माझं ठाम मत आहे की आपल्याकडं खरा उशीर तिथंच आहे, अर्ज "आत" जायच्या आधी. "एक कागद कमी आहे", "पुढच्या मंगळवारी या", "ठेवून जा, बघतो". ठेवून गेला, पोच नाही, आवक नंबर नाही, मंजे कागदोपत्री अर्ज आलाच नाही. म्हणून वर पाठवायच्या अहवालात सगळं मुदतीत दिसतं आन् गावात सगळे बोंबलायलेत, दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

ही आधीची तारीख सापडते घराघरातल्या पिशवीत. प्रत्येक घरात एक असते, कापड दुकानाची नाहीतर खताची प्लास्टिकची पिशवी, पत्र्याच्या पेटीत नाहीतर देवाच्या फळीवर ठेवलेली. एका मावशीनं आमच्यापुढं ती पिशवी सतरंजीवर उलटी केली. मृत्यूचा दाखला, बाँडाच्या मागं विक्रेत्याचा शिक्का आन् तारीख, शपथपत्रावर दुसरी तारीख, सेतूची पावती, चार-पाच झेरॉक्स ज्यांच्या घड्या पडून अक्षरं उडालेली, आन् एका कागदाच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेला कुणाचातरी मोबाईल नंबर आन् "मंगळवार". कागद तारखेनं लावत गेलो. बाँड घेतला ती तारीख आन् नोंद धरली ती तारीख ह्यात एक अख्खा पावसाळा गेलेला होता. साईटवर बघितलं तर त्याच नोंदीत काहीच वावगं दिसत नव्हतं.

ज्याचे कागद नाहीत त्याला "कोणत्या तारखेला गेला होतात?" विचारून उपयोग नाही. पोळ्याच्या आधी का नंतर, येळवशीला मृत्यूचा दाखला हातात होता का, सोयाबीन काढणीला आलं होतं का, असं विचारा. लोकांना सण आन् पीक बरोबर आठवतं. मागच्या वर्षीची दिनदर्शिका सोबत ठेवा आन् तिथंच खूण करा.

विचारायचं कुणाला

इथं बहुतेक सर्व्हे फसतात. तहसीलच्या आवारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं तर तुम्हाला कोण भेटणार? जो अजून हिंडायलाय तो. ज्याचं काम पटकन झालं तो घरी आहे आन् ज्यानं नाद सोडला तो पण घरी आहे. ह्या दोघांशिवाय चित्र अर्धंच.

वारसासाठी ह्याच्यावर चांगली युक्ती आहे. ग्रामपंचायतीत मृत्यू नोंदवही असते. ग्रामसेवकाला भेटून, सरपंचाला सोबत घेऊन, मागच्या एकदोन वर्षांत वारलेल्यांपैकी नावावर जमीन असलेले किती ते बघा. मग त्यातल्या किती जणांचे वारस सातबाऱ्यावर आले ते बघा. ज्यांनी अर्जच केला नाही ते आता पहिल्यांदा दिसतील, आन् त्यांच्याकडं गेलात की कारणं वेगळीच निघतात: भाऊबंदकीत बोलणंच बंद, शपथपत्राला पैसे नाहीत, पोरगा पुण्याला कंपनीत, सासरा म्हणतोय घाई कशाला. हे ऑफिसात बसून कधीच कळत नाही.

दुसऱ्या सेवांसाठी मतदार यादी घ्या आन् ठराविक अंतरानं घर निवडा, दहावं, विसावं, तिसावं. ओळखीच्यांकडंच जाऊ नका. तांडा, दलित वस्ती, शेतात राहणारी घरं सुटली नाहीत ना ते बघा. आन् आपल्या भागात एक गोष्ट विसरूच नका, ऊसतोड. बीड, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार ह्या पट्ट्यात दिवाळीनंतर अर्धा तांडा कारखान्याला गेलेला असतो. डिसेंबरात सर्व्हे करून "इथं कुणालाच अडचण नाही" असं लिहिणं मंजे ज्यांना सगळ्यात जास्त अडचण आहे त्यांनाच गाळणं. पाडव्यानंतर जा.

विचारताना "त्रास झाला का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "शेवटचं ऑफिसात कधी गेलतात? कुणाला भेटलात? ते काय म्हणले? मग तुम्ही काय केलंत?" असं गोष्टीसारखं विचारा. पैसे दिले का हे थेट विचारलं की माणूस दचकतो. "ह्या कामाला सगळं मिळून खर्च किती झाला" विचारा, एसटी, झेरॉक्स, बुडालेली रोजंदारी, बाँड, असं एकेक मांडत गेलं की बेरजेत न बसणारा आकडा लोक स्वतःच सांगतात. नावं वहीत लिहू नका, घराला नंबर द्या. आधारचा नंबर कुणाचाच उतरवायचा नाही, फोटो पण काढायचा नाही. बाईला विचारायचं असलं तर बाईनंच विचारावं आन् दिरासमोर विचारू नये, वारसाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

माहिती अधिकार नीट वापरा

माहितीचा अधिकार 2005 पासून आहे, आन् आपल्याकडं तो बऱ्याचदा चिडून वापरला जातो. "काम का झालं नाही याची माहिती द्यावी." का-चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला बांधील आहेत. म्हणून कागद मागा: "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आवक नोंदवहीतील वारस नोंदीच्या अर्जांच्या पानांची प्रत." महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आन् 150 शब्दांच्या आत बसवायचं असतं, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, प्रतीला पानाला 2 रुपये. उत्तराला 30 दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

त्याहून भारी मंजे प्रत्यक्ष फाईल बघायला मागणं, पहिल्या तासाला फी नाही. रजिस्टर समोर उघडलं की ज्या गोष्टी प्रतीत दिसत नाहीत त्या दिसतात, एकाच पेनानं एकाच दिवशी भरलेली महिनाभराची आवक, मधे सोडलेल्या रिकाम्या ओळी. तिथं बोलू नका, फक्त लिहून घ्या.

माहिती अधिकारानं खरंच काम होतं का, ह्याचा दिल्लीत रीतसर प्रयोग झालाय. लिओनिड पायसाखिन आन् पॉल पिंटो ह्या दोघांनी झोपडपट्टीतल्या लोकांचे रेशनकार्डाचे अर्ज चार गटांत पाडले: नुसता अर्ज, संस्थेच्या शिफारशीचं पत्र जोडलेला अर्ज, अर्जानंतर माहिती अधिकारात विचारणा, आन् चौथा गट लाच देणारा. नुसत्या अर्जवाल्यांचं वर्षभर जवळपास कुणाचंच झालं नाही, पत्रवाल्यांचं पण तसंच. माहिती अधिकारवाल्यांचं काम लाच देणाऱ्यांच्या जवळपास जाईल इतक्या लवकर झालं. मला हा निकाल लई महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडं पुढाऱ्याचं पत्र आणायला लोक दिवस घालवतात.

सोबत लोकसेवा हक्क कायदा, 2015 चा. अधिसूचित सेवांची यादी, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आन् अपिलाचे अधिकारी ह्यांचा बोर्ड ऑफिसात लावलेला पाहिजे. मुदतीत काम नाही झालं किंवा नाकारलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. सबळ कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. पण हे सगळं चालतं पोच असली तर. म्हणून अभ्यासातला तुमचा पहिला रकाना हाच ठेवा: पोच मिळाली का, हो का नाही.

टेबलाच्या पलीकडं पण बसून बघा

हा भाग सोडून दिला तर तुमचा अभ्यास नुसती तक्रार होते. एका तलाठ्याकडं बऱ्याचदा दोनदोन सज्जे (मंजे त्याच्या हाताखालचा गावांचा भाग) असतात, मूळचा आन् अतिरिक्त पदभाराचा. अतिवृष्टी झाली की पंचनामे, मग याद्या अपलोड, केवायसीची फोनाफोनी, मधेच निवडणूक लागली की बीएलओचं मंजे मतदार यादीचं काम, ई-पीक पाहणीत शेतकऱ्यांनी केली नाही तेवढी राहिलेली पाहणी. देशभरातल्या गटविकास अधिकाऱ्यांवर आदित्य दासगुप्ता आन् देवेश कपूर ह्यांनी अभ्यास केलाय, त्याचा सूर हाच, माणूस कामचुकार असण्यापेक्षा त्याच्यावर लादलेली कामं आन् हाताशी असलेली माणसं ह्यांचा मेळ नसतो आन् मग कुठलंच काम नीट होत नाही.

म्हणून टेबलावरच्या माणसाला आठवडाभराची कामं विचारून लिहून घ्या. मग अडकलेल्या प्रत्येक फाईलीपुढं कारण टाका: माणूस जागेवर नाही, पद रिकामं, कागद कमी, सर्व्हर, नियमच अवघड, की मुद्दाम अडवलं. पाच-सहा कारणांच्या वर नेऊ नका. बेरीज केली की बहुतेक वेळा एक-दोन कारणंच मोठी निघतात, आन् ती आपण पारावर धरून चाललेलो असतो त्यापेक्षा वेगळी असतात. कागद कमी हे मोठं निघालं तर उपाय स्वस्त आहे, काय काय लागतं त्याची एका पानाची यादी मराठीत, मोठ्या अक्षरात, मृत्यूचा दाखला देतानाच ग्रामपंचायतीनं हातात द्यायची. पद रिकामं निघालं तर यादी छापून काही होणार नाही, तिथं आमदारापर्यंत जावं लागेल. मुद्दाम अडवणं निघालं तर लाचलुचपतचा 1064 नंबर आहे, पण ती वेगळी लढाई आहे, ती आन् हा अभ्यास एकत्र कालवू नका, नाहीतर उद्यापासून एकही क्लार्क तुम्हाला रजिस्टर दाखवणार नाही.

बदल करून बघायचा, पण तुलना ठेवून

समजा तहसीलदार चांगले निघाले आन् म्हणले, करू या, तुमची यादी वाटू. तर लगेच सगळ्या गावांत वाटायला सांगू नका. निम्म्या गावांत आधी वाटा, निम्म्यांत तीन महिन्यांनी. कोणती आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, सगळ्यांसमोर. का? कारण त्याच तीन महिन्यांत आचारसंहिता लागू शकते, नवीन तलाठी येऊ शकतो, मोहीम निघू शकते आन् सगळीकडंच काम वाढतं किंवा थांबतं. नुसतं आधीचं आन् नंतरचं बघितलं तर यादीनं फरक पडला का मोहिमेनं ते कळत नाही. चिठ्ठीनं पाडलेली दोन्ही बाजूंची गावं सारखीच हवा खातात, फरक फक्त यादीचा उरतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आन् मायकेल क्रेमर ह्यांना 2019 चं नोबेल ह्याच पद्धतीच्या कामासाठी मिळालं, आन् बॅनर्जींच्या आई मूळच्या मराठी, हे जाताजाता.

नांदेडच्या हद्दीपलीकडं तेलंगणात 2018 मधे असंच झालं. रयतू बंधू ह्या शेतकऱ्यांना मदतीच्या योजनेचे एकरी 4000 रुपयांचे चेक गावोगाव वाटायचे होते. काही मंडळं (तिकडं मंडळ मंजे आपल्या तालुक्यासारखा भाग) चिठ्ठीसारखी निवडली आन् तिथल्या अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं की शेतकऱ्यांना फोन करून चेक मिळाला का, वेळेवर मिळाला का ते विचारणार आहोत. बाकी काही नाही, दंड नाही, बक्षीस नाही. त्या मंडळांत चेक जास्त लोकांपर्यंत आन् जास्त वेळेवर पोचले. फरक लई मोठा नव्हता, पण खर्च इतका कमी की तो सहज वसूल झाला. आपल्या तालुक्यात अनुदानाच्या वाटपाला हे करायला काय हरकत आहे? चार पोरं, एक यादी, रोज थोडे फोन.

उलटं उदाहरणही लक्षात ठेवा. राजस्थानात उदयपूरकडं उपकेंद्रातल्या नर्सताईंच्या हजेरीवर एका संस्थेनं लक्ष ठेवलं, सुरुवातीला हजेरी चांगलीच वाढली. मग खात्यातूनच "आज सूट", "आज मीटिंग" असे शेरे पडायला लागले आन् दीड वर्षाच्या आत फरक पुसून गेला. तेव्हा पहिल्या महिन्याचा आकडा बघून हार घालायला जाऊ नका.

निकाल कुणापुढं मांडायचा

आधी ज्या टेबलाचा अभ्यास केलात त्याच माणसाला दाखवा. त्याला तुमच्या तारखांत चूक सापडली तर ती तिथंच दुरुस्त होते, आन् पुढं साहेबांसमोर तो "मला विचारलंच नाही" म्हणू शकत नाही. मग तहसीलदार, मग ग्रामसभा. 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारीच्या ग्रामसभा ठरलेल्याच असतात, विषयपत्रिकेत मुद्दा आधी घालून घ्या. एकच पान करा, आकडे मोठे, भाषा साधी. क्लार्कचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं हे मात्र करू नका, त्यानं एका दिवसाचं समाधान मिळतं आन् पुढचं दार बंद होतं.

मांडायची रीत आपल्याच भागात तयार आहे. 2007 मधे आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख महाराष्ट्रातल्या ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली त्यात तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव होता. गावातलेच लोक उपकेंद्राचं, लसीकरणाचं, औषधांचं बघून हिरवा, पिवळा, लाल असे रंग देऊन गावाचं प्रगतीपत्रक भरायचे, ते भिंतीवर लागायचं आन् जनसुनवाईत अधिकारी समोर बसून उत्तर द्यायचे. न वाचता येणाऱ्या आजीलाही लाल रंग कळतो. बेंगळुरूला सॅम्युएल पॉल ह्यांच्या संस्थेनं नव्वदच्या दशकात शहरातल्या वीज, पाणी, फोन, पालिका अशा सेवांना लोकांकडून असेच मार्क द्यायला लावले. तेच प्रश्न त्यांनी 1999 ला परत विचारले, 2003 ला परत विचारले, आन् 2003 पर्यंत लोकांचं समाधान बरंच वाढलेलं दिसलं.

परत मोजताना रकाने तेच ठेवा जे पहिल्यांदा होते, एकही शब्द बदलू नका, नाहीतर दोन वेळची तुलनाच होत नाही. तीच गावं, तीच मृत्यू नोंदवहीची पद्धत, पोचेचा तोच पहिला रकाना. आन् वही एकाच्याच घरी ठेवू नका. पोरं नोकरीला लागतात, पोरींची लग्नं होतात, वही त्यांच्याबरोबर जाते. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक बचत गटाच्या पेटीत ठेवा, आन् पुढच्या पाडव्यानंतर मोजायला कोण जाणार त्यांची नावं आत्ताच पहिल्या पानावर लिहून टाका.